आठ पायांचा पाहुणा

गेल्या वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टरहून माझ्या भाचीचा फोन आला. आवाजात राग होता आणि रडूही. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने, अयानने, वाढदिवसाला कोळी मागितला होता. आम्ही पडलो कोकणातली माणसे. कोळी म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर आधी होडी, जाळे आणि पापलेटची पाटी येते. मी म्हटले, "अगं, मासेच हवे असतील तर बाजारातून आण की." ती म्हणाली, "मामू, चेष्टा नको. टॅरेंटुला मागतोय तो. तळहाताएवढा, केसाळ. आणि इथे तो दुकानात विकत मिळतो!"

मग अयान फोनवर आला. आईचा मामू तो त्याचाही मामू. "मामू, तुम्ही अम्मीला सांगा ना. तो निळा असतो, एकदम निळा. आणि तो इंडियातलाच आहे, आपल्याकडचा. गुटी नावाच्या गावचा."

गुटी म्हणजे आपली गुत्ती. मराठ्यांचा इतिहास चाळणाऱ्यांना हे नाव नवे नाही. आंध्रातल्या अनंतपूर भागातला हा डोंगरी किल्ला मुरारराव घोरपड्यांचा. १७७६ साली हैदरअलीने तो घेतला. त्या गुत्तीच्या नावाने लेस्टरच्या दुकानात एक कोळी विकला जातो, हे ऐकून मला राहवेना. मी काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण पोराला 'हो' किंवा 'नाही' सांगायचे तर आधी आपल्याला माहीत हवे, म्हणून पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

आधी नावाची गोष्ट. टॅरेंटुला हे नाव दक्षिण इटलीतल्या तारांतो या बंदरावरून आले. त्या मुलखात कित्येक शतके असा समज होता की, शेतात कोळी चावला तर माणसाला विलक्षण उदासी येते आणि त्यावर उतारा एकच : वादक बोलवायचे आणि रोग्याला थकून पडेपर्यंत नाचवायचे. १६४१ साली अथानासिउस किर्चर या जेझुइट विद्वानाने या उपचारातल्या चाली आपल्या ग्रंथात छापल्या. 'तारांतेला' हा नाच याच नावाशी जोडलेला. १९५९ साली एर्नेस्तो दे मार्तिनो हा इटालियन अभ्यासक सालेंतो भागात गेला, तेव्हाही असे नाचणारे लोक, बहुतेक बायकाच, त्याला भेटल्या. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कोळी नावापुरता. त्या गरीब बायकांच्या मनात कोंडलेल्या दुःखाला नाचातून वाट मिळत होती. आपल्याकडचे अंगात येणे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत अशी की तारांतोचा तो कोळी आजच्या पाळीव टॅरेंटुलाच्या कुळातलाच नाही. युरोपातली माणसे अमेरिका खंडात गेली, तिथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले, आणि गावाकडून बरोबर नेलेले भीतीचे नाव त्यांनी त्या परक्या जिवाला चिकटवले. नाव एकाचे, बदनामी दुसऱ्याची.

या परक्या जिवाकडे नीट डोळे उघडून पाहणारी एक बाई होती. मारिया सिबिला मेरियन तिचे नाव. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती अॅमस्टरडॅमहून जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. किडे, फुलपाखरे, त्यांच्या अळ्या पाहायच्या आणि चितारायच्या, हे तिचे काम. १७०५ साली तिचे पुस्तक निघाले. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी हमिंगबर्ड पक्ष्याला खातो आहे. हेच चित्र नजरेपुढे ठेवून लिनिअसने १७५८ साली या कोळ्याच्या नावात 'पक्षी' घातला. पण पुढे एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांनी ते चित्र खोटे ठरवले. कोळी कधी पक्षी खातो का? बाईने ऐकीव गोष्ट रंगवली, असा शेरा पडला.

तिची बाजू खरी करणारा माणूस दीडशे वर्षांनी आला. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज १८४८पासून अकरा वर्षे अॅमेझॉनच्या खोऱ्यात हिंडला. १८६३ साली आलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने लिहिले आहे की, कामेता गावाजवळ झाडाच्या भेगेवर विणलेल्या जाळ्यात त्याने दोन लहान पक्षी पाहिले. एक मेलेला आणि दुसरा कोळ्याच्या अंगाखाली अखेरच्या घटका मोजणारा. त्याच ग्रंथात आणखी एक छोटी नोंद आहे, ती वाचून मी थबकलो. बेट्ससाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातली मुले अशाच कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवत होती! पाळीव टॅरेंटुलाची इतकी जुनी नोंद मला दुसरी सापडली नाही. साहेब शास्त्रज्ञ मात्र त्या वाटेला गेला आणि फसला. पहिला कोळी त्याने बेसावधपणे हाताळला आणि त्याच्या केसांमुळे तीन दिवस खाजून हैराण झाला. आपल्या रानातली खाजकुयली ज्यांच्या अंगाला लागली आहे, त्यांना त्या तीन दिवसांची कल्पना येईल.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठात डब्ल्यू. जे. बेअर्ग नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी टॅरेंटुला स्वतःला चावून घेतले आणि त्यांच्या भागातल्या कोळ्यांचे विष माणसाला मारत नाही, हे स्वतःच्या बोटावर दाखवले. त्यांनी हे कोळी वर्षानुवर्षे सांभाळले. नर वयात आल्यावर फार दिवस जगत नाही, पण मादी वीस वर्षांहून अधिक जगते, हे अशाच चिकाटीच्या निरीक्षणातून कळले. १९५८ साली त्यांचे 'द टॅरेंटुला' हे पुस्तक आले.

पुस्तके किती लोक वाचणार? सिनेमा सगळे पाहतात. १९५५च्या 'टॅरेंटुला'त कोळी घराएवढा झाला. १९६२च्या 'डॉ. नो'मध्ये तो जेम्स बाँडच्या खांद्यावर चढला. १९७७ साली 'किंग्डम ऑफ द स्पायडर्स'साठी जिवंत कोळी हजारोंनी आणले गेले. १९८१च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये ते एका नटाच्या पाठीवर बसवले. आता माणसाच्या मनाची गंमत पाहा. पडद्यावर जे पाहून किंचाळायचे तेच नंतर घरी आणावेसे वाटते. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या उतारांवर राहणारा, काळ्या अंगाचा आणि लाल-केशरी गुडघ्यांचा कोळी अमेरिका-युरोपच्या दुकानांत सर्वांचा लाडका झाला. दिसायला देखणा, चालीने संथ, चावायला नाखूश. पहिल्यांदा पाळणाऱ्याला सांभाळायला सोपा.

हा सोपेपणाच त्याच्या मुळावर आला. मादी एकाच बिळात वर्षानुवर्षे राहते. तिला वयात यायलाच सहा-सात वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. बीळ सापडले की मादी सापडली. आणि उतारावरच्या माद्या गेल्या की पुढची पिढी गेली. १९७०च्या दशकात आणि त्यानंतर त्या डोंगरांतून कोळी हजारोंनी उचलले गेले. अखेर वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या, १९७३ साली झालेल्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८५ साली या कोळ्याचे नाव आले. म्हणजे व्यापार बंद झाला नाही; पण परवान्याशिवाय त्याने देशाची सीमा ओलांडायची नाही, असे ठरले. १९९४ साली त्याच्या प्रजातीतल्या सगळ्या भावंडांना हाच नियम लागू झाला. तरी चोरटा मार्ग कुणाला चुकला आहे? २०१० साली अमेरिकेत टपालाने आलेल्या पाकिटांत जिवंत टॅरेंटुला शेकड्यांनी सापडले.

इतकी वर्षे लोकांनी ज्याला हौसेने पाळले, त्याचे खरे नाव तरी ठाऊक होते का? १८९७ साली पिकार्ड-केंब्रिजने 'स्मिथी' या नावाने एका लाल गुडघ्याच्या कोळ्याचे वर्णन केले होते. दुकानातल्या सगळ्यांना तेच नाव पडले. २०१७ साली होर्हे मेंदोसा आणि ऑस्कर फ्रांके या अभ्यासकांनी जुने नमुने आणि जनुके तपासून दाखवले की या सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि घरोघरी 'स्मिथी' म्हणून नांदणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात 'हामोरी' आहेत. बिचाऱ्यांचे नाव विचारायला आपण सव्वाशे वर्षे लावली.

आता अयानच्या निळ्या कोळ्याकडे येतो. लंडनच्या संग्रहालयातल्या रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली त्याचे वर्णन केले. आपल्या सह्याद्रीतल्या काही केसाळ कोळ्यांची शास्त्रीय नावेही याच पोकॉकसाहेबांनी ठेवलेली आहेत. निळ्या कोळ्याचा नमुना त्यांना मिळाला तो एकच, आणि तोही रानातला नव्हे. मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या गुत्ती स्टेशनात रेल्वेची लाकडाची वखार होती, तिथे तो सापडला. लाकडाच्या ओंडक्याबरोबर बसून आलेला प्रवासीच तो. पण नावापुढे गुत्ती लागली ती कायमची. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २००१ साली गुत्तीपासून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या रानात तो पुन्हा सापडला. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा जीव. जुनी झाडे तुटत चाललेली. त्याचा सगळा मुलूख शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी. २००८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आणि गंमत म्हणावी की दुःख, परदेशांतल्या हौशी लोकांच्या पेट्यांत मात्र त्याची पोरे-बाळे खुशाल वाढत होती. २०१९ साली त्याची सबंध प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली.

आपल्याकडेही कायदा बदलला आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी घरात ठेवायचा तर आता त्याची नोंदणी करावी लागते. तेव्हा पुण्या-मुंबईत कुणी प्लॅस्टिकच्या डबीतून कोळी विकायला आणला, तर रंग पाहण्याआधी कागद पाहावा.

एवढे वाचून झाल्यावर मी अयानला पत्र लिहिले. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याच्या अम्मीने ते वाचून दाखवले. आधी लिहिले ते असे : बाळा, निळा नको. तो आपल्याकडचा आहे हे खरे, पण आपल्याकडचा असला म्हणून तो नवशिक्याच्या हाती देण्याजोगा होत नाही. आशिया-आफ्रिकेतल्या या कोळ्यांना खाजरे केस नसतात. त्यांचे शस्त्र म्हणजे वेग आणि दंश. निळ्याचा दंश जीव घेत नसला तरी स्नायूंत वळ आणतो आणि ते दुखणे कित्येक दिवस पाठ सोडत नाही. पहिला कोळी घ्यायचा तर मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा घे, आणि तोही पेटीत जन्मलेला. एक मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, त्यामुळे रानातून उचलण्याची आता गरजच नाही. मोठा, रंगीत कोळी स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नकोस. दुकानदाराला पहिला प्रश्न विचार, "हा कुठे जन्मला?" उत्तर देताना तो घुटमळला, तर तिथून बाहेर पड.

पेटी काचेची किंवा प्लॅस्टिकची चालेल, पण झाकण घट्ट हवे आणि हवेला भोके हवीत. उंच पेटी नको. कोळी काचेवर चढतो आणि पडला तर त्याचे नाजूक पोट फुटते. तळाला कोरडी माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा इतका घाल की त्याला बीळ खणता येईल आणि वरून पडला तरी लागणार नाही. अर्धी फुटकी कुंडी उपडी ठेव. लपायला जागा नसली की तो भेदरलेला राहतो. उथळ ताटलीत पाणी कायम हवे. माणसाला सोसते ती घरातली ऊब त्याला पुरते. खायला आठवड्यातून एकदा पाळलेला रातकिडा किंवा झुरळ, त्याच्या पोटाहून लहान. बागेतला किडा पकडून टाकू नकोस, त्यावर औषध फवारलेले असू शकते. न खाल्लेला किडा आत ठेवू नकोस.

आणि हे नीट ऐक, असे लिहिले. कधी कधी तो आठवडेच्या आठवडे, मोठा झाल्यावर महिनेही, खाणार नाही. एखाद्या दिवशी पाठीवर उताणा पडलेला दिसेल. मेला म्हणून हात लावू नकोस. तो कात टाकतो आहे. त्या वेळी त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. एवढासा रातकिडासुद्धा त्याला कुरतडू शकतो. नंतर आठवडाभर तरी खायला देऊ नकोस. हातावर घेऊन मित्रांना दाखवायची हौस नको. पेटी साफ करताना डोळ्यांना चष्मा असू दे. तुमच्याच इंग्लंडात, लीड्समध्ये, एका माणसाच्या डोळ्यात असे केस गेले आणि डॉक्टरांनी ती हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली.

शेवटी अम्मीसाठी दोन ओळी होत्या. मादी निघाली तर ती वीस-पंचवीस वर्षे जगेल. अयान कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, त्याचे लग्न होईल. कोळी तिथेच असेल. तेव्हा 'हो' म्हणायचे ते दोघांनी मिळून म्हणा.

दोन दिवसांनी अयानचा फोन आला. सगळे पटले होते. एकच प्रश्न उरला होता. "मामू, तो मला ओळखेल का?"

खोटे कशाला बोलायचे? मी म्हटले, "नाही बेटा. कुत्रा ओळखतो, मांजर तिच्या मर्जीने ओळखते. हा नाही ओळखणार. तू पंचवीस वर्षे पाणी ठेवलंस तरी त्याच्या लेखी तू म्हणजे जमिनीची थरथर."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग मी त्याला ओळखीन."

पोराच्या या उत्तराने मला माझे लहानपण आठवले. आमच्या गावच्या घरामागे दगडी गडगा होता. त्याच्या पायथ्याशी बिळे होती, त्यांच्या तोंडाशी पांढरे जाळे. आत काळपट केसाळ कोळी राहत. आम्ही मुलांनी एकदा एका बिळात रॉकेल ओतले. तो बाहेर आला, चार पावले चालला आणि पाय आत ओढून आवळलेल्या मुठीसारखा झाला. आम्ही टाळ्या पिटल्या. दादीने ते पाहिले. ती आम्हा मुलांना मारायची नाही, त्या दिवशी तिने मारले. मग रात्री तिने सौरच्या गुहेची गोष्ट सांगितली. पैगंबरसाहेब मक्का सोडून निघाले, गुहेत थांबले, तेव्हा कोळ्याने तोंडावर जाळे विणले आणि पाठलाग करणारे ते अखंड जाळे पाहून मागे फिरले, अशी आमच्याकडे परंपरेने चालत आलेली ही कथा. कुरआनातल्या एका सूरेचे नावच 'अल्-अन्कबूत', म्हणजे कोळी. दादी म्हणाली होती, "जाळं झाडूने काढा खुशाल, पण त्याच्या जिवावर उठू नका." पन्नास वर्षे होत आली, पण रॉकेलचा वास आला की मला ती आवळलेली मूठ दिसते.

लेस्टरच्या घरी कोळी आला तेव्हा तो पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढा होता, मातकट रंगाचा. लाल गुडघे उमटायला अजून अवकाश आहे. नर की मादी तेही अजून कळायचे आहे. अयानने नाव ठेवले आहे मुरारराव. मी म्हटले, "अरे, हा मेक्सिकोचा, गुत्तीशी याचा काय संबंध?" तर म्हणतो, "निळा नाही घेतला ना, मग नाव तरी आपल्याकडचं असू दे. मादी निघाली तर मुरारबाई म्हणू."

परवा पुन्हा भाचीचा फोन आला. आवाज तसाच, रडवेला. मला वाटले, पेटीतून पळाला की काय. ती म्हणाली, "मामू, दहा दिवस झाले, त्याने काही खाल्लं नाही हो. रात्री दोनदा उठून पाहिलं मी. तुम्ही पत्रात काय लिहिलं होतं ते जरा परत सांगा." मी सांगितले की काळजी करू नकोस, पाणी ठेव आणि त्याला अंधारात राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर फोटो आला. कुंडीच्या फुटक्या कडेशी रिकामी कात पडली होती, आठही पाय शाबूत. तिच्या शेजारी मुरारराव बसला होता, पहिल्यापेक्षा जरासा मोठा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)